भरधाव म्हणजे किती?

"भरधाव म्हणजे ताशी किती किलोमीटर, सांगता येईल?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं असताना बचावाच्या वकिलांनी मला हा प्रश्न विचारला. आवाज अगदी शांत होता. जिल्ह्याच्या दैनिकात वीस-बावीस वर्षं मी बातम्या तपासतोय. 'भरधाव' हा शब्द माझ्या हाताखालून रोज दोन-चारदा तरी जातो. तरीही मला उत्तर देता आलं नाही. "खूप जोरात होता," एवढंच म्हणालो. "खूप म्हणजे चाळीस? साठ? ऐंशी?" मी गप्प राहिलो आणि तेच लिहून घेतलं गेलं.

अपघात मी डोळ्यांनी पाहिला होता. सकाळचे सात वाजायचे होते, मी फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. मोपेडला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून दूध घालायला निघालेले एक गृहस्थ फाट्यावर वळत होते. तालुक्याच्या बाजूने टेम्पो आला आणि त्यांना घेऊनच पुढे गेला. एका किटलीचं झाकण डांबरावर गोल गोल फिरत राहिलं आणि मग आडवं पडलं. ते झाकण थांबलं तेव्हा टेम्पो थांबलेला नव्हता, हे मला आजही स्वच्छ दिसतं.

ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "काय पाहिलंत?" मी म्हणालो, "टेम्पो भरधाव आला आणि धडकला." त्यांनी ते त्यांच्या ठरलेल्या वाक्यात बसवलं. टेम्पोचालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने व रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून, वगैरे. मला ते वाक्य भक्कम वाटलं. चार वर्षांनी कोर्टात ते एका प्रश्नात कोसळलं. टेम्पोवाला सुटला.

त्यानंतर मी या एका शब्दाचा पाठपुरावा केला. तुम्ही बातमी लिहीत असाल, फिर्याद देणार असाल, किंवा कधीतरी रस्त्याच्या कडेला साक्षीदार म्हणून उभं राहण्याची वेळ तुमच्यावर येणार असेल (ती कुणावरही येते), तर हे माहीत असलेलं बरं.

आधी शब्द बघू. भर आणि धाव. भरदुपार, भरपाऊस, भरवस्ती, भरसभा यांतला जो 'भर', तोच इथला. एखादी गोष्ट पुरती भरात असणं. घोड्याच्या चालींचे शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. दुडकी चाल वेगळी, चौखूर उधळणं वेगळं, आणि मोकळ्या माळावर घोडा पूर्ण ताकदीने धावतो ती भरधाव. गाड्या आल्या आणि घोड्यांचे हे शब्द गाड्यांना चिकटले. 'बेलगाम' हाही मूळचा घोड्याचाच. जुन्या पुस्तकांत 'भरधांव' असं अनुस्वार देऊन छापलेलं दिसेल. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे आता 'भरधाव' हेच लिहावं.

शब्द विशेषण म्हणून चालतो ('भरधाव ट्रक') आणि क्रियाविशेषण म्हणूनही ('गाडी भरधाव निघाली'). रूप बदलत नाही. 'भरधाव वेगाने' हे आता इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही, पण धावेत वेग आलाच. मी माझ्या पानावर 'वेगाने' काढून टाकतो.

आता महत्त्वाचं. भरधाव हा शब्द मुळात दोष देणारा नाही. घोडा भरधाव गेला यात घोडेस्वाराची चूक नाही. रुग्णवाहिका भरधाव जाते, ती जावीच. मोकळ्या रुळावर रेल्वे भरधाव जाते. शब्द फक्त एवढंच सांगतो, की बघणाऱ्याच्या डोळ्यांना वेग भरात आलेला वाटला. बघणारा कुठे उभा होता, रस्ता कसा होता, रोज तिथून गाड्या कशा जातात, यावर ते वाटणं अवलंबून असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे, समृद्धी महामार्गाच्या सपाट भागात 120ची. तिथे नव्वदने जाणाऱ्या गाडीला कुणी भरधाव म्हणत नाही. शाळा सुटल्यावरच्या गल्लीत चाळीसने आलेल्या गाडीला आपण सगळेच म्हणू, आणि ते बरोबरच असेल.

अशाच एका प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली निकाल दिला होता. कर्नाटकातला एक ट्रक उलटून बरीच माणसं दगावली होती. साक्षीदार सांगत होते, ट्रक खूप वेगात होता. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की 'खूप वेग' हा सापेक्ष शब्द आहे. त्या परिस्थितीत खूप वेग म्हणजे काय, हे पुराव्यातून दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षाची होती, आणि नुसत्या वेगावरून ना बेदरकारपणा सिद्ध होतो ना हयगय. चालक सुटला. निकाल वाचला तेव्हा मला राग आला होता. पण शब्दाच्या बाजूने पाहिलं तर न्यायालयाने तेच म्हटलं, जे 'भरधाव' हा शब्द स्वतःबद्दल सांगतो.

उलट बाजूही आहे. राजस्थानातल्या एका खटल्यात 2012 साली याच न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी हळू असली तरी ती बेपर्वाईने चालवली असेल तर गुन्हा होतो. म्हणजे वेग जास्त असून गुन्हा नसेल, आणि वेग कमी असून असेल.

कायद्याचे शब्द वाचले की हे आणखी उलगडतं. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम 281 म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 279. माणसाचा जीव धोक्यात येईल अशा बेदरकार किंवा हयगयीच्या रीतीने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवणं, असा तो गुन्हा आहे. त्यात वेगाचा उल्लेखच नाही. अपघातात माणूस गेला तर कलम 106(1) लागतं, जुनं 304-अ. पूर्वी त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती, आता पाच वर्षांपर्यंत आहे. तिथेही प्रश्न बेदरकारपणाचा किंवा हयगयीचाच. वेग येतो तो मोटार वाहन कायद्यात. कलम 183 वेगमर्यादा ओलांडण्याबद्दल आहे आणि त्यात एक तरतूद अशी आहे, जी मला आधी माहीत असती तर बरं झालं असतं: एकाच साक्षीदाराच्या 'माझ्या मते गाडी बेकायदा वेगात होती' एवढ्या मतावर कुणाला या कलमाखाली दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजमापावर आधारलेलं असावं लागतं. म्हणजे माझ्या 'भरधाव'ला इथे एकट्याने जागाच नव्हती. कलम 184 मात्र धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल आहे आणि ते जागा, रस्त्याची स्थिती, रहदारी सगळं विचारात घ्यायला सांगतं.

तेव्हा शब्द निवडताना मी आता असा विचार करतो. अतिवेग हा काट्याचा शब्द आहे. मर्यादा किती आणि गाडी किती, हे आकडे हातात असतील तेव्हाच तो वापरावा. भरधाव डोळ्यांचा. बेदरकार आणि अविचारी हे चालकाच्या मनाचे. 'बेदरकार' फारसीतून आला, ज्याला कशाची दरकार नाही तो. समोर माणूस आहे हे दिसत असताना 'होईल काय ते होईल' म्हणून गाडी घालणं म्हणजे बेदरकारपणा. हयगय हा कर्तव्याचा शब्द आहे. फाट्यावर वेग कमी करायचा असतो, आरसा बघायचा असतो, दिवा लावायचा असतो, आणि ते केलं नाही. बेफाममध्ये 'फाम' म्हणजे भान, समज. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला तो चपखल बसतो, रस्त्यावर जोरात जाणाऱ्या प्रत्येकाला नाही.

बोलीत तर रेलचेल आहे. गाडी हाणली, दामटली, सुसाट सोडली, बुंगाट आला, कट मारून गेला. यातला 'कट मारला' हा साक्षीसाठी फार कामाचा आहे, कारण तो गाडीने काय केलं ते सांगतो. 'सुसाट' आणि 'बुंगाट' नुसता आवेग सांगतात. एखादा साक्षीदार म्हणाला, "बुंगाट आला," तर त्याला थांबवून विचारावं, "आला म्हणजे कुठून, आणि आल्यावर काय केलं?"

जबाब देताना हेच सूत्र ठेवा. विशेषण कमी आणि घडलं ते जास्त. मी माझ्या जबाबात काय सांगायला हवं होतं ते आज सांगतो. मी फाट्याच्या पानटपरीसमोर रस्त्याच्या डाव्या कडेला उभा होतो. उजेड झाला होता, धुकं नव्हतं. मोपेड वळण निम्मं पार करून झाली होती. टेम्पोने हॉर्न दिला नाही. ब्रेकचा आवाज धडकेआधी आला नाही, नंतर आला. टेम्पोच्या पुढे एक बैलगाडी चालली होती आणि तिला ओलांडण्यासाठी तो रस्त्याच्या उजव्या बाजूला आला होता. धडकेच्या जागेपासून पुढे जाऊन तो बाभळीपाशी थांबला. यात 'भरधाव' कुठेच नाही, पण चालकाने काय केलं आणि काय केलं नाही ते सगळं आहे. फाटा दिसत असताना ओलांडायला बाहेर येणं हा अविचार. हॉर्न न देणं, ब्रेक वेळेत न लावणं ही हयगय. वकिलांनी 'भरधाव म्हणजे किती' विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, आकडा माहीत नाही, पण टेम्पो धडकेनंतर बाभळीपर्यंत गेला.

यातल्या बऱ्याच गोष्टी मी कोर्टात सांगितल्याही. पण वकिलांनी ताबडतोब विचारलं, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं. पोलिसांपुढच्या जबाबात जे महत्त्वाचं असून आलं नाही, ते कोर्टात पहिल्यांदा सांगितलं की त्यावर बोट ठेवलं जातं, साक्षीदार मागाहून भर घालतोय असं म्हटलं जातं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं सांगा. हवालदार घाईत असतील, जागा कमी असेल, तरी नम्रपणे म्हणा, "साहेब, ब्रेकचा आवाज नंतर आला, तेवढं लिहा." लिहितात. मी नंतर दोन जणांसोबत ठाण्यात गेलो आहे, दोन्ही वेळा लिहिलं गेलं.

फिर्याद आणि जबाब यांत फरक आहे तो लक्षात असू द्या. फिर्याद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली नोंदली जाते. ती वाचून दाखवली जाते, तिच्यावर तुमची सही होते आणि तिची प्रत फुकट मिळते. प्रत घरी नेऊन सावकाश वाचा. कलम 180 खालच्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत. म्हणून लिहून झाल्यावर "वाचून दाखवाल का?" असं आपणच म्हणावं.

आकड्याचा अंदाज द्यायचाच असेल तर दोन ठिकाणं धरून द्या. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते, 90ने जाणारी 25 मीटर. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर नंतर पावलांनी मोजता येतं. गाडी त्या दोन खांबांमधून किती वेळात गेली ते आठवत असेल तर सांगा. आठवत नसेल तर आकडा बोलूच नका. अंदाजे म्हणून सांगितलेले 'ऐंशी-नव्वद' उलटतपासणीत तुमच्याच गळ्यात पडतात. "आकडा सांगता येत नाही, पण पाहिलं ते असं" हे उत्तर सगळ्यांत भक्कम. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट रस्ता लागतो. म्हणून धडकेनंतर गाडी कुठवर गेली, ब्रेक लागला होता की नाही, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठवर आहेत, काच कुठे विखुरली, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात नीट यायला हवं. पंच म्हणून उभे असाल तर टेप धरून मोजायला लावा. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक असतात आणि त्यांच्या खुणा डांबरावर फारशा उमटत नाहीत, म्हणून खुणा नाहीत एवढ्यावर ब्रेक लावलाच नाही असंही म्हणू नका. जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा दुकानावर कॅमेरा असेल तर चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवावं म्हणून पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मृताच्या घरच्यांसाठी आणखी एक. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणजे भरपाईचा दावा गेला असं नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुराव्याची कसोटी सौम्य असते. शक्यता कुणाकडे जास्त झुकते एवढं पाहतात, संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. त्या दूधवाल्या गृहस्थांच्या पत्नी कोर्टाच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. निकालाच्या दिवशी त्यांना हे समजावून सांगायला जवळ कुणी नव्हतं, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. विमा कंपनीचे वकील न्यायाधिकरणात हमखास विचारतात, मोपेडवाल्याचीही चूक होती की नाही. चूक दोघांत वाटली गेली की रक्कम त्या प्रमाणात घटते. तिथेसुद्धा 'भरधाव' कामाला येत नाही, मोपेड वळण निम्मं पार करून झाली होती हे वाक्य येतं.

जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याने साक्षीच्या भीतीने मागे हटू नये. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 134-अ मुळे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-गाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. साक्ष द्यायची असेल तर ती स्वखुशीने.

आता माझ्या सोबत्यांशी थोडं. बातमीत 'भरधाव कारची धडक' लिहिताना आपण तपासाच्या आधी निकाल लिहितो, आणि तोही अर्धवट. कार आपोआप भरधाव होत नाही. त्या वाक्यात चालक कुठेच नसतो. पुढच्या ओळीत 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने अपघात झाला' येतं. नियंत्रण सुटणं हा परिणाम आहे, कारण मागे कुठेतरी आहे: वेग, झोप, मोबाइल, घासलेले टायर. आणि शेवटी 'काळाने घाला घातला'. असं लिहिलं की माणूस नशिबाने गेला असं होतं, आणि जिथे पाटी नव्हती, गतिरोधक नव्हता, तो फाटा तसाच राहतो. पोलिसांनी गुन्हा नोंदवला असेल तर 'भरधाव वाहन चालवल्याचा आरोप' असं लिहा. काट्यावरचा किंवा कॅमेऱ्यातला वेग मिळाला असेल तर आकडा आणि तिथली मर्यादा शेजारी शेजारी द्या. दोन्ही नसेल तर गाडीने काय केलं ते लिहा.

त्या अपघाताची बातमी मीच लावली होती. 'भरधाव टेम्पोच्या धडकेत दूधविक्रेता ठार' असा मथळा देऊन दुपारी घरी गेलो होतो. आज ती पुन्हा लिहायची तर अशी लिहीन: फाट्यावर वळणाऱ्या मोपेडला समोरून आलेल्या टेम्पोने धडक दिली, त्यात मोपेडवरील दूधविक्रेत्याचा मृत्यू झाला. प्रत्यक्षदर्शीच्या म्हणण्यानुसार टेम्पोचालक बैलगाडी ओलांडण्यासाठी रस्त्याच्या उजव्या बाजूला आला होता, त्याने हॉर्न दिला नाही आणि धडकेपूर्वी ब्रेकचा आवाज आला नाही. या फाट्यावर वेगमर्यादेची पाटी नाही आणि गतिरोधकही नाही.